अर्ध्या तासाने आवाज फाटणारा ट्यूब प्रीअँप : ट्यूब बदलूनही दोष जात नाही

मूळ लेख

माझ्याकडे एका चॅनेलचा, टॅगस्ट्रिपवर (जोडणीच्या पट्टीवर) हाताने जोडणी केलेला ट्यूब मायक्रोफोन प्रीअँप, म्हणजे मायक्रोफोनचा क्षीण सिग्नल वाढवणारे यंत्र, आहे. त्याची रचना अगदी सरळ आहे. सुरुवातीला १:१० चा इनपुट ट्रान्सफॉर्मर, नंतर ईसीसी८३ या दोन भागांच्या ट्यूबचा पहिला अर्धा भाग, त्यापुढे ०.१ मायक्रोफॅरडचा कपलिंग कपॅसिटर (सिग्नल पुढे नेणारा, डीसी अडवणारा), १ मेगओहमचा गेन पॉट (खुंटीने फिरवून सिग्नल कमीजास्त करणारा रेझिस्टर), ईसीसी८३ चा दुसरा अर्धा भाग आणि शेवटी दोन्ही अर्धे समांतर जोडलेली ईसीसी८२ व आउटपुट ट्रान्सफॉर्मर. ट्यूब तापवणाऱ्या हीटरला रेग्युलेटरमधून डीसी मिळतो.

तक्रारी तीन आहेत. चालू केल्यावर पहिली वीस-पंचवीस मिनिटे आवाज स्वच्छ असतो, त्यानंतर गेन पूर्ण ठेवला असता तो फाटू लागतो. गेन अर्ध्यावर आणला की पुन्हा बरा होतो. गेनची खुंटी फिरवताना खरखर येते, आणि खुंटीला हात न लावताही मधूनच तडतड ऐकू येते. शिवाय एक मंद गुणगुण सतत असतेच.

आतापर्यंत मी ईसीसी८३ दोनदा आणि ईसीसी८२ एकदा बदलली, ट्यूबच्या पिना व सॉकेट साफ केले, पॉटमध्ये क्लीनर मारला. क्लीनर मारल्यावर दोन दिवस बरे वाटले, मग पुन्हा तेच. सर्व कपॅसिटर मल्टिमीटरच्या ओहम रेंजवर तपासले, एकही शॉर्ट नाही. आता काय तपासावे?

प्रतिसाद १

आपण ट्यूबपासून सुरुवात केलीत, ते स्वाभाविक आहे. ती चमकते, उपसून काढता येते आणि तिच्यावर संशय घेणे सोपे असते. परंतु दोन वेगवेगळ्या ट्यूब घालूनही लक्षण जसेच्या तसे राहत असेल, तर दोष बहुधा ट्यूबच्या बाहेर आहे. तिसरी ट्यूब आणू नका.

त्याआधी सुरक्षिततेविषयी. या यंत्रात साधारण ३०० व्होल्ट डीसी असणार आणि पुरवठ्याचा डीसी सपाट करणारे फिल्टर कपॅसिटर तो यंत्र बंद केल्यानंतरही धरून ठेवतात. येथे एक गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. ट्यूब जागेवर असतात तेव्हा यंत्र बंद केल्यावरही त्यांचे कॅथोड काही सेकंद गरम राहतात आणि साठलेला भार ट्यूबमधूनच वाहून जातो, त्यामुळे "बंद केले की लगेच उतरते" अशी आपली समजूत होते. तपासणीसाठी ट्यूब काढून ठेवल्या की ही वाट बंद होते आणि तोच भार बराच वेळ टिकतो. आपल्या यंत्रात ब्लीडर रेझिस्टर (बंद केल्यावर कपॅसिटर उतरवणारा) असेल तर त्याची किंमत पाहा. एकूण ११६ मायक्रोफॅरड आणि २२० किलोओहम असतील, तर ३०० व्होल्टवरून ५ व्होल्टच्या खाली यायला सुमारे पावणेदोन मिनिटे लागतील. ब्लीडर असो वा नसो, १० किलोओहम, ५ वॉटचा रेझिस्टर इन्सुलेटेड क्लिपांच्या वायरीला जोडून ठेवा, त्याने प्रत्येक कपॅसिटर उतरवा, आणि मीटरने शून्य पाहिल्याखेरीज आत हात घालू नका. स्क्रूड्रायव्हर टेकवून ठिणगी काढण्याची जुनी सवय कपॅसिटरलाही वाईट आणि डोळ्यांनाही.

चालू यंत्रात मोजताना मीटरची काळी वायर क्लिपने चॅसिसला लावून ठेवावी आणि एकाच हाताने लाल प्रोब धरावा.

आता पुढील मोजमापे द्या: तिन्ही फिल्टर कपॅसिटरवरील व्होल्टेज, आणि ईसीसी८३ च्या दोन्ही भागांचे प्लेट (जेथून वाढलेला सिग्नल निघतो), ग्रिड (जेथे सिग्नल शिरतो) व कॅथोड. हीच मोजमापे दोनदा घ्या, एकदा चालू केल्यावर पाच मिनिटांनी आणि एकदा आवाज फाटू लागल्यावर. दुसऱ्या वेळी गेन पूर्ण ठेवा.

धागाकर्त्याचे उत्तर

सविस्तर सूचनांबद्दल आभारी आहे. ब्लीडर २२० किलोओहमचाच निघाला. फिल्टर कपॅसिटर अनुक्रमे ४७, ४७ व २२ मायक्रोफॅरडचे आहेत, त्यांच्यामध्ये २.२ किलोओहम आणि ४.७ किलोओहमचे रेझिस्टर आहेत. त्यांवर ३०५, २७९ आणि २७० व्होल्ट मिळाले, थंड व गरम अवस्थेत फारसा फरक नाही.

पहिल्या भागाची प्लेट १६५ व्होल्ट, कॅथोड १.५, ग्रिड शून्य. दोन्ही वेळी तेवढेच.

दुसऱ्या भागात मात्र फरक आहे. पाच मिनिटांनी प्लेट १७३ व्होल्ट, कॅथोड १.४५ आणि ग्रिडवर ०.१ व्होल्ट होता. आवाज फाटू लागल्यावर प्लेट १३८ पर्यंत उतरली, कॅथोड २ व्होल्टवर गेला आणि ग्रिडवर अधिक १.१ व्होल्ट आला. गेन अर्ध्यावर आणताच ग्रिड जवळजवळ शून्यावर येतो आणि प्लेट पुन्हा वर चढते. दोन्ही भागांचे प्लेट रेझिस्टर १०० किलोओहम आणि कॅथोड रेझिस्टर १.५ किलोओहम आहेत.

प्रतिसाद २

मोजमापे फार चांगली घेतली आहेत; पहिल्या दोन तक्रारींचे उत्तर त्यांतच आहे.

दुसऱ्या भागाच्या ग्रिडवर डीसी असायलाच नको. गेन पॉटमधून ती जमिनीला बांधलेली आहे आणि कपलिंग कपॅसिटरने मागच्या प्लेटचे १६५ व्होल्ट अडवून धरायचे आहेत. येथे ते पूर्णपणे अडत नाहीत. पॉटच्या वरच्या टोकाशी १.१ व्होल्ट येतो, गेन पूर्ण असेल तर तो सगळा ग्रिडला मिळतो, आणि खुंटी अर्ध्यावर आणली की त्याचा लहानसा भागच उरतो. म्हणून गेन कमी केला की आवाज सुधारतो. वरवर पाहता हे ओव्हरलोडसारखे दिसते आणि माणूस मायक्रोफोन लांब ठेवत बसतो.

ग्रिड १.१ ने वर गेली, कॅथोड मात्र २ व्होल्टपर्यंतच चढला, म्हणजे बायस (कॅथोडच्या तुलनेत ग्रिडचे व्होल्टेज) जवळजवळ उणे १.४ वरून उणे ०.९ वर आला. सिग्नलच्या धन शिखराला मिळणारी जागा तेवढी आक्रसली. ट्यूबमधून प्रवाह वाढला, १०० किलोओहममध्ये अधिक व्होल्टेज खर्च झाले आणि प्लेट १३८ वर आली. सगळे आकडे एकमेकांशी जुळतात.

फिरवतानाची खरखरही त्यातलीच. ज्या पॉटच्या पट्टीवर डीसी असतो तो पॉट नवा घातला तरी फिरवताना वाजतो, कारण सरकणारा संपर्क क्षणभर तुटला की ग्रिडवरचा डीसी उडी मारतो. क्लीनरने संपर्क थोडा सुधारला आणि दोन दिवस बरे वाटले, एवढेच.

राहिला प्रश्न ओहम रेंजचा. मीटरचा आतला रोध १० मेगओहम आहे असे धरले, तर तो १ मेगओहमच्या पॉटला समांतर आला आणि वाचन सुमारे ९ टक्के कमी दाखवले. खरे व्होल्टेज १.२ च्या जवळ असेल. १ मेगओहममध्ये १.२ व्होल्ट म्हणजे १.२ मायक्रोअँपिअरची गळती, आणि १६५ व्होल्टला ती मिळते म्हणजे कपॅसिटरचा गळतीरोध सुमारे १३७ मेगओहम. बहुतेक मीटर २० ते ६० मेगओहमपर्यंतच मोजतात आणि तेही एक-दोन व्होल्टच्या दाबावर, थंड कपॅसिटरवर. त्या मोजणीत हा कपॅसिटर निर्दोषच ठरणार.

प्रतिसाद ३

वरील निदानाशी मी नव्वद टक्के सहमत आहे, पण उरलेल्या दहा टक्क्यांसाठी एक चाचणी करून घ्यावी असे सुचवतो. ग्रिडवर धन व्होल्टेज येण्याचे दुसरेही कारण असते: ट्यूबमधील निर्वात बिघडला असेल तर आयन ग्रिडवर आदळतात, ग्रिडचा प्रवाह उलट दिशेने वाहतो आणि १ मेगओहममध्ये असाच धन व्होल्ट दिसतो. तोही गरम झाल्यावर वाढतो. धागाकर्त्यांनी ट्यूब बदलून पाहिल्या आहेत हे खरे, परंतु त्या कोठून आल्या, नव्या होत्या की वापरलेल्या, हे आपल्याला ठाऊक नाही.

चाचणी सोपी आहे. दोष दिसू लागला की यंत्र बंद करावे, कपॅसिटर उतरवावेत, ईसीसी८३ उपसून काढावी, पुन्हा चालू करावे आणि सॉकेटच्या त्याच ग्रिड पिनवर मोजावे. व्होल्टेज नाहीसे झाले तर ट्यूब दोषी, राहिले तर कपॅसिटर. हीटर समांतर जोडलेले असल्याची खात्री मात्र आधी करावी. मालिकेत असतील तर एक ट्यूब काढली की दुसरीही विझेल.

धागाकर्त्याचे उत्तर

चाचणी केली आणि अधिकच गोंधळलो. हीटर समांतर आहेत. ट्यूब काढल्यावर ग्रिड पिनवरचे व्होल्टेज नाहीसे झाले नाही, पण ते १.१ राहण्याऐवजी १.७ झाले! ट्यूब नसताना ते वाढेल कसे?

प्रतिसाद २ च्या लेखकाकडून

वाढलेच पाहिजे. ईसीसी८३ चे दोन्ही भाग एकाच काचेत आहेत. ती काढली की दुसऱ्या भागाबरोबर पहिला भागही गेला, त्याच्या प्लेट रेझिस्टरमधील प्रवाह थांबला आणि प्लेटचे टोक १६५ वरून थेट पुरवठ्याच्या व्होल्टेजला, म्हणजे अंदाजे २८५ ला जाऊन पोहोचले. कपॅसिटरवरचा दाब पावणेदोन पट झाला, तर गळतीही तेवढीच वाढणार. हिशेबाने १.९ यायला हवे होते, आपल्याला १.७ मिळाले, कारण मधल्या वेळेत कपॅसिटर थोडा निवला.

ट्यूब निर्दोष सुटली. कपॅसिटर नेमका कोठे बसवलेला आहे, ते पाहाल का? गरम झाल्यावरच गळतो याचा अर्थ त्याला कोठून तरी ऊब मिळते आहे.

धागाकर्त्याचे उत्तर

हीटरच्या रेग्युलेटरचा हीटसिंक आणि तो तपकिरी कपॅसिटर यांच्यामध्ये कागद जाईल एवढेच अंतर आहे. हीटसिंककडची त्याची बाजू काळवंडलेली आहे आणि तेथे वेष्टनाला केसासारखी बारीक चीर दिसते. इतके दिवस तो माझ्या डोळ्यांसमोर होता.

प्रतिसाद ४

मी वेगळे सुचवेन. यंत्र जुने आहे, एक कपॅसिटर गेला म्हणजे बाकीचेही त्याच वाटेवर आहेत. एका बैठकीत सगळेच बदलून टाकावेत, शोधाशोधीचा वेळ वाचेल.

प्रतिसाद १ च्या लेखकाकडून

याला माझा विरोध आहे, आणि तो काटकसरीपोटी नाही. एका बैठकीत वीस भाग बदलले आणि त्यांतला सोल्डरचा एक डाग कोरडा राहिला किंवा एक ध्रुव उलटा लागला, तर आधीच्या दोषावर नवा दोष चढतो आणि दोन्हींची लक्षणे मिसळतात. मग मोजमापांची तुलना कशाशी करणार? जुने फिल्टर इलेक्ट्रोलिटिक बदलण्याला माझी हरकत नाही, परंतु एक बदल, त्यानंतर मोजणी, मग पुढचा बदल, हा क्रम सोडू नये.

कपलिंगसाठी ०.१ मायक्रोफॅरड, ६३० व्होल्टचा पॉलिप्रोपिलीन फिल्म कपॅसिटर घ्या. किमान ४०० व्होल्टचा तरी हवाच, कारण चालू करताना हीटर गरम होईपर्यंत त्याच्यावर पुरवठ्याचे पूर्ण व्होल्टेज येते. हीटसिंकपासून दूर बसवा. बाहेरच्या फॉइलची बाजू कोणती हे कळत असेल तर ती मागच्या प्लेटकडे ठेवा. ते टोक ग्रिडच्या टोकापेक्षा कमी रोधाचे असल्याने बाहेरचा उपद्रव कमी शिरतो. याने चमत्कार होत नाही, पण फुकट मिळणारा फायदा सोडू नये.

धागाकर्त्याचे उत्तर

कपॅसिटर बदलला. तासभर चालवल्यावरही ग्रिड ०.०० आणि प्लेट १७६ व्होल्ट. आवाज फाटणे थांबले, खुंटी फिरवतानाची खरखरही गेली. खुंटीला हात न लावता येणारी तडतड आणि गुणगुण या दोन गोष्टी मात्र तशाच आहेत. एक निरीक्षण नोंदवतो: गेन शून्यावर आणला की तडतड पूर्ण थांबते, गुणगुण मात्र तेवढीच राहते.

प्रतिसाद ३ च्या लेखकाकडून

या एका वाक्याने अर्धे काम झाले. तडतड पॉटच्या आधी जन्मते आणि गुणगुण पॉटच्या नंतर, म्हणजे हे दोन स्वतंत्र दोष आहेत.

तडतडीसाठी इनपुटला मायक्रोफोनऐवजी २०० ओहमचा रेझिस्टर इनपुट सॉकेटच्या दुसऱ्या व तिसऱ्या पिनमध्ये जोडा. उघड्या इनपुटवर काढलेले निष्कर्ष फसवे असतात. मग पहिल्या भागाची ग्रिड क्लिपने जमिनीला जोडा. तेथे डीसी नसल्यामुळे हे निर्धास्त करता येते, मात्र क्लिप यंत्र बंद असतानाच लावावी. तडतड थांबली तर दोष इनपुट ट्रान्सफॉर्मर किंवा त्याच्या जोडण्यांत. सुरू राहिली तर ट्यूब, सॉकेट, कॅथोड किंवा प्लेट रेझिस्टर. ट्यूब आणि सॉकेट आपण आधीच पाहिले आहेत, तेव्हा माझा रोख प्लेट रेझिस्टरवर आहे. जुने कार्बन कंपोझिशन रेझिस्टर डीसी प्रवाह वाहताना स्वतःच गोंगाट निर्माण करतात, आणि पहिल्या टप्प्यातला गोंगाट पुढचे सगळे टप्पे वाढवत नेतात. ओहममध्ये मोजल्यास ते बरोबर भरतील. त्यावर विसंबू नका.

त्याच्या जागी १०० किलोओहमचा मेटल फिल्म, १ वॉटचा घाला. त्यात उष्णता जेमतेम ०.१ वॉट होते, त्यामुळे पाव वॉटचाही चालला असता, पण मोठ्या आकाराच्या रेझिस्टरमध्ये हा जादा गोंगाट कमी असतो.

प्रतिसाद २ च्या लेखकाकडून

गुणगुणीविषयी माझ्याकडून. तिचा सूर आधी ओळखा. ५० हर्ट्झच्या विजेवर चालणाऱ्या यंत्रात ५० हर्ट्झची गुणगुण बहुधा अर्थ लूप (जमिनीच्या दोन जोडण्यांतून तयार झालेले वेटोळे), ट्रान्सफॉर्मरचे चुंबकीय क्षेत्र किंवा हीटरकडून येते. १०० हर्ट्झची, जरा तिखट वाटणारी, फिल्टर कपॅसिटरकडून. झाकण लावून ऐका. झाकण काढल्यावर वाढणारी गुणगुण हा दोष नव्हे, तो उघड्या चॅसिसचा स्वभाव आहे, आणि मी स्वतः एकदा एक संपूर्ण संध्याकाळ तिच्या मागे घालवली आहे.

मग मीटर एसी रेंजवर ठेवून तिन्ही फिल्टर कपॅसिटरवर रिपल (डीसीवर उरलेली एसीची लहर) मोजा. काही मीटर एसी रेंजवर डीसीही मोजणीत धरतात, म्हणून लाल प्रोबच्या मालिकेत ०.१ मायक्रोफॅरड, ६३० व्होल्टचा कपॅसिटर लावा.

धागाकर्त्याचे उत्तर

ग्रिड जमिनीला जोडूनही तडतड सुरूच राहिली. प्लेट रेझिस्टर बदलला आणि ती गेली. काढलेला रेझिस्टर १०३ किलोओहम दाखवतो, म्हणजे कागदोपत्री अगदी सज्जन.

गुणगुण तिखट आहे. रिपल पहिल्या कपॅसिटरवर ०.८ व्होल्ट, दुसऱ्यावर १९० मिलिव्होल्ट, तिसऱ्यावर ३ मिलिव्होल्ट.

प्रतिसाद २ च्या लेखकाकडून

दुसरा कपॅसिटर गेला आहे. एकूण प्रवाह सुमारे १२ मिलिअँपिअर धरला तर ४७ मायक्रोफॅरडच्या पहिल्या कपॅसिटरवर शिखर ते शिखर अडीच व्होल्टचा रिपल, म्हणजे मीटरवर पाऊण व्होल्ट अपेक्षित आहे. आपल्याला ०.८ मिळाला, तो ठीक आहे. दुसऱ्या ४७ मायक्रोफॅरडचा १०० हर्ट्झला रोध ३४ ओहम असतो, त्यामुळे २.२ किलोओहमनंतर रिपल साधारण ६५ पट घटून १२ मिलिव्होल्ट उरायला हवा. १९० उरतो, याचा अर्थ तो कपॅसिटर पाचशेहून अधिक ओहम दाखवतो आहे, जणू त्याच्यात ४७ ऐवजी ३ मायक्रोफॅरडच शिल्लक आहेत. ईसीसी८२ चा पुरवठा तेथूनच घेतलेला असल्यामुळे गुणगुण पॉटच्या नंतर शिरते. तिसऱ्या कपॅसिटरने आपले काम चोख केले, म्हणून पहिले दोन टप्पे वाचले.

खात्रीसाठी नवा ४७ मायक्रोफॅरड, ४५० व्होल्टचा कपॅसिटर जुन्याला समांतर लावून पाहता येईल, पण यंत्र बंद करून, भार उतरवून, ध्रुव तपासून. चालू यंत्रात क्लिप टेकवू नका. गुणगुण गेली की जुना काढून नवा कायमचा बसवा. दोन्ही एकत्र ठेवू नयेत.

प्रतिसाद ५

विषय निघालाच आहे म्हणून विचारतो. माझ्याही अशाच प्रीअँपमध्ये ४८ व्होल्ट फँटम (मायक्रोफोनला त्याच्याच वायरीतून मिळणारा पुरवठा) चालू केला की आवाज पातळ होतो, खर्ज जातो. हाही कपॅसिटरच असेल का?

प्रतिसाद १ च्या लेखकाकडून

इनपुट ट्रान्सफॉर्मर असलेल्या यंत्रात बहुधा नाही. फँटम ६.८ किलोओहमच्या दोन रेझिस्टरांतून दोन्ही पिनांना सारखाच मिळायला हवा, म्हणजे प्राथमिक वेटोळ्याच्या दोन टोकांमध्ये फरक उरत नाही. एक रेझिस्टर भरकटला की तो फरक वेटोळ्यातून डीसी म्हणून वाहतो, गाभा चुंबकीयदृष्ट्या अर्धवट भरतो आणि खर्ज पहिल्यांदा जातो. यंत्र बंद करून प्रत्येक रेझिस्टरचे एक टोक सोडवा आणि दोन्ही मोजून पाहा. दोघांमधला फरक ०.४ टक्क्यांच्या आत हवा. पिना जागेवरच मोजल्यास ट्रान्सफॉर्मरचे वेटोळे दोघांना जोडून टाकते आणि फरक झाकला जातो.

धागाकर्त्याचे उत्तर

दुसरा फिल्टर कपॅसिटर बदलला. त्यावरचा रिपल आता १२ मिलिव्होल्ट आहे आणि झाकण लावल्यावर गुणगुण हेडफोनवर गेन पूर्ण ठेवूनही शोधावी लागते. सुरुवातीला काढून ठेवलेली मूळची ईसीसी८३ पुन्हा घातली. प्लेट १७४ व्होल्ट, कॅथोड १.४५, आवाज स्वच्छ. तीच आता यंत्रात आहे.

उत्सुकतेपोटी काढलेल्या कपलिंग कपॅसिटरची आणखी एक चाचणी केली. त्याच्या मालिकेत मल्टिमीटर डीसी व्होल्ट रेंजवर लावला आणि दोघांना मिळून २५० व्होल्ट दिले, म्हणजे मीटरचा १० मेगओहमच मोजपट्टी झाला. थंड कपॅसिटरवर मीटर २.५ व्होल्टवर स्थिरावला. हेअर ड्रायरची गरम हवा सोडताच आकडा चढू लागला आणि १७ व्होल्टवर थांबला. तेच नव्या कपॅसिटरवर केले तेव्हा मीटर काही मिलिव्होल्टच्या पुढे गेला नाही. नंतर दोन्ही उतरवून पुन्हा ओहम रेंजवर लावले, आणि दोघांनाही मीटरने एकसारखेच निर्दोष ठरवले.